फिनिश केल्याचे पैसे नसतात: वाचकांचे प्रश्न, प्रो ट्रायथलीटबद्दल

मागच्या अंकात मी म्हटलं होतं की पुढच्या वेळी फक्त प्रोफेशनल ट्रायथलीट, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकाच रेसमध्ये सलग करून पोट भरणाऱ्या लोकांबद्दल विचारा, त्यांचं जगणं, कमाई, ट्रेनिंग, काय वाटेल ते. तुम्ही मनावर घेतलंत, बरेच प्रश्न आले. सगळे घेणं शक्य नाही, जे सारखे सारखे आले ते घेतलेत आणि एकदोन असे की वाचून हसू आलं म्हणून घेतलेत. नावं काढून टाकलीत कारण काहींनी बॉसबद्दलही मोकळेपणाने लिहिलंय.

प्रश्न: सर, मी गेल्या वर्षी फुल डिस्टन्स केलं. ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि वर ४२.२ किमी पळणं, शेवटचे १५ किमी अक्षरशः चालत काढले पण सोडलं नाही, १५ तास ४० मिनिटं लागली. आणि हे प्रो लोक जरा मागे पडले की बिब, म्हणजे अंगावरची नंबरपट्टी, काढून बाजूला उभे राहतात. बघून राग येतो. एवढे पैसे घेता तर पूर्ण तरी करा ना?

उत्तर: आधी अभिनंदन, शेवटचे १५ किमी चालत काढायला वेगळीच चिकाटी लागते. आता राग जरा बाजूला ठेवा. तुम्ही आणि तो प्रो एकाच रस्त्यावर होतात पण दोघांची कामं वेगळी होती. तुमचं काम १७ तासांच्या कटऑफच्या आत लाइन ओलांडायचं. ते झालं, मेडल गळ्यात पडलं, फोटो निघाले, दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना उतरताना कठडा धरावा लागला असेल पण पगारात काही फरक पडला नाही. प्रोला फिनिश केल्याचे पैसे नसतात. बक्षीस पहिल्या काही नंबरांना, त्याच्या खाली जो येतो त्याला टाळ्या आणि विमानाच्या तिकिटाचं बिल.

आता समजा तो पळण्याच्या दहाव्या किलोमीटरला पंधरावा आहे आणि पोटरी धरायला लागलीय. पुढे ३२ किमी आहेत, त्याचे मिळणार शून्य, पण शरीर जे मोडेल ते भरून यायला कित्येक आठवडे जाणार. आणि पाच आठवड्यांनी दुसरी रेस आहे जिथे तो चौथा येऊ शकतो. अशी फुल डिस्टन्सची रेस वर्षाला दोन-तीन, फार तर चार जमतात, त्यातली एक हट्टापायी जाळायची म्हणजे वर्षाची पाव कमाई गेली. तुम्हाला तो हरलेला दिसतो, त्याच्या डोक्यात पुढच्या महिन्याचं गणित चालू असतं. मी स्वतः हौशीच, एकदा अशीच पोटरी धरलेली असताना 'सोडायचं नाही' म्हणून २१ किमी रेटले, मेडल मिळालं आणि पुढचे पाच महिने पळता आलं नाही. माझी रोजीरोटी त्यावर नव्हती म्हणून ते मेडल अजून कौतुकाने भिंतीवर आहे.

आणि हे 'फिनिश म्हणजेच सगळं' आपल्या डोक्यात आलं कुठून माहितीये? बऱ्याच अंशी फेब्रुवारी १९८२ च्या हवाईतल्या आयर्नमॅनमधून, म्हणजे फुल डिस्टन्सच्याच रेसमधून. ज्युली मॉस नावाची कॉलेजातली मुलगी, आपल्या अभ्यासाच्या प्रोजेक्टसाठी रेसमध्ये उतरलेली, पहिल्या नंबरवर होती आणि लाइन अगदी समोर दिसत असताना पाय गेले. कॅथलीन मॅकार्टनी तिच्या बाजूने पुढे निघून गेली आणि ज्युली रांगत रांगत २९ सेकंदांनी लाइनवर पोचली. ते टीव्हीवर दाखवलं आणि लोक वेडे झाले, जिंकली कोण हे आज पटकन कुणाला आठवत नाही, रांगणारी मात्र सगळ्यांना आठवते. तेव्हा ती प्रो नव्हती हे लक्षात घ्या.

पण प्रो सगळेच सोडतात असंही नाही हं. १९९५ ला पॉला न्यूबी-फ्रेझर, तोपर्यंत सात वेळा तीच रेस जिंकलेली बाई, पुढे राहण्याच्या नादात खाणंपिणं चुकवलं आणि लाइन काहीशे मीटरवर असताना कोसळली. कॅरन स्मायर्स पुढे गेली आणि जिंकली. पॉला रस्त्यावर बराच वेळ पडून होती, मग उठली, चालत जाऊन चौथी आली, आणि पुढच्या वर्षी परत येऊन आठव्यांदा जिंकली. यान फ्रोडेनोने २०१७ ला त्याच रेसमध्ये गतविजेता असताना पाठ धरल्यावर बराच भाग चालत काढला, नऊ तासांच्या वर लागले, तरी पूर्ण केलं. त्याला ते परवडत होतं, नाव झालेलं होतं, स्पॉन्सर पाठीशी होते. विसाव्या नंबरच्या माणसाला तो हट्ट परवडत नाही, एवढंच.

आणि तुमच्यासाठी एक चांगली बातमी. २०२४ पासून आयर्नमॅनने प्रो सिरीज सुरू केलीय, त्यात विजेत्याला फुल डिस्टन्सचे ५००० पॉइंट आणि बाकीच्यांचा विजेत्याच्या मागे प्रत्येक सेकंदाला एक पॉइंट कापतात. त्यामुळे आता बारावा आलेलाही शेवटच्या किलोमीटरला जीव तोडून पळताना दिसेल, कारण ४० सेकंद म्हणजे ४० पॉइंट. पैशाची रचना बदलली की जिद्द कशी लगेच वाढते बघा!

प्रश्न: माझं वय २७, अकाउंट्समध्ये नोकरी, हाफ डिस्टन्स ५ तास ५ मिनिटांत झालंय आणि ग्रुपमध्ये सगळे म्हणतात तू प्रो हो. नोकरी सोडून दोन वर्षं पूर्ण वेळ द्यावा का? घरचे अर्थातच विरोधात आहेत.

उत्तर: ग्रुपमधल्यांचं काय जातंय म्हणायला, उंटावरून शेळ्या हाकायच्या. हाफ म्हणजे १.९ किमी पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं, आणि पुरुषांमध्ये चांगले प्रो हे पावणेचार तासांच्या आसपास उरकतात, कोर्स सोपा असेल तर त्याच्याही आत. म्हणजे तुमच्यात आणि त्यांच्यात सव्वा तासाच्या वर अंतर. पाच पाचचे साडेचार होणं मेहनतीने जमू शकतं, पण साडेचारचे पावणेचार होताना मेहनतीबरोबर आई-बापाकडून आलेलं शरीर आणि लहानपणी केलेलं पोहणं हे दोन्ही लागतात.

पोहण्याचं मुद्दाम सांगतो कारण इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. ऑलिम्पिकच्या अंतरात १५०० मीटर पोहणं, ४० किमी सायकल, १० किमी पळणं असतं आणि एलिट रेसमध्ये एकमेकांच्या मागे राहून सायकल चालवायला, म्हणजे ड्राफ्टिंगला, परवानगी असते. पाण्यातून पुढच्या घोळक्याबरोबर बाहेर आलात तर तो घोळका तुम्हाला वाऱ्यातून ओढून नेतो. अर्धा मिनिट मागे राहिलात की एकटे पडता आणि मग पळायला कितीही तेज असा, रेस संपल्यात जमा. म्हणून तिकडे बहुतेक जण सातव्या-आठव्या वर्षापासून तलावात वाढलेले असतात. लाँग डिस्टन्समध्ये ड्राफ्टिंग बंद, ठरावीक अंतर सोडूनच चालवायचं, त्यामुळे उशिरा आलेल्याला तिथे जरा तरी दार उघडं आहे.

उशिरा येऊन जिंकलेल्यांची उदाहरणं तुम्ही मला देणारच, म्हणून मीच देतो. क्रिसी वेलिंग्टन ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होती, तिशीला टेकली तेव्हा, २००७ ला प्रो झाली आणि त्याच वर्षी हवाईत वर्ल्ड चॅम्पियन. ग्वेन जॉर्गनसन तर तुमच्याच लाइनमधली, मोठ्या अकाउंटिंग फर्ममध्ये काम करायची, २०१६ ला रिओत ऑलिम्पिक गोल्ड घेतलं. पण पुढचं वाचा. क्रिसी २००६ ला हौशी गटात वर्ल्ड चॅम्पियन झालेली होती, म्हणजे नोकरी करता करता जगात पहिली येऊन मग सोडली. आणि ग्वेन कॉलेजात पोहणं आणि पळणं दोन्ही वरच्या लेव्हलला करून आलेली, त्यामुळे फेडरेशनच तिच्या मागे लागली होती, ती फेडरेशनच्या मागे नाही. आणि तरीही २०१२ च्या लंडनला सायकल पंक्चर होऊन ३८ वी आली, मग चार वर्षं घासली.

त्यामुळे माझं मत, नोकरी आत्ता सोडू नका. प्रो कार्ड, म्हणजे प्रो गटात उतरायचा परवाना, आपल्याला हवं म्हणून मिळत नाही, आपल्या देशाची फेडरेशन देते आणि त्याचे निकष असतात, साधारण असे की अमुक दर्जाच्या रेसमध्ये विजेत्याच्या वेळेच्या अमुक टक्क्यांच्या आत या. आधी हौशी म्हणून आपल्या वयोगटात मोठ्या रेस जिंकायला लागा. आणि कार्ड घेतलं की वयोगटातलं पोडियम बंद, हेही कुणी सांगत नाही. आज गटात तिसरे येऊन फोटो काढता, उद्या प्रोमध्ये शेवटून तिसरे याल आणि फोटोग्राफर तोपर्यंत जेवायला गेलेला असेल. घरच्यांना सांगा की मी विचार बदललाय, एक वर्ष शांततेत ट्रेनिंग होईल.

प्रश्न: प्रो ट्रायथलीट किती कमावतात? नेटवर कुठे लाख कुठे कोटी दिसतं.

उत्तर: वरच्या दहा-वीस जणांचं विचारताय की बाकीच्या शेकड्यांचं? आयर्नमॅन वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकणाऱ्याला १,२५,००० डॉलर मिळतात, आणि पुरुष-बायकांना सारखेच, ही या खेळातली मला खरंच आवडणारी गोष्ट. मी वर सांगितलेल्या प्रो सिरीजमध्ये वर्षाअखेर पहिल्याला २,००,००० डॉलरचा बोनस. मग टी१००, म्हणजे २ किमी पोहणं, ८० सायकल, १८ पळणं अशी मिळून १०० किमीची, खेळाडूंच्या संघटनेनेच उभी केलेली टूर, तिथेही चांगला पैसा आहे. हे ऐकून डोळे विस्फारतात, पण ही रक्कम वर्षातून एका माणसाला आणि एका बाईला मिळते. साध्या रेसचं बक्षीस याच्या कितीतरी खाली, आणि त्यातून टॅक्स, कोच, फिजिओ, सायकल पेटीत भरून विमानाने न्यायची त्याचे वेगळे, उंचावरच्या कॅम्पचं भाडं, टायर, शूज, सगळं जातं. आठवा आलेला माणूस बऱ्याचदा पदरमोड करून घरी येतो.

खरं उत्पन्न स्पॉन्सरकडून. सायकल, शूज, वेटसूट, जेल बनवणाऱ्या कंपन्या, नावाला वजन असेल तर महिन्याला ठरावीक रक्कम, नसेल तर नुसतं सामान, आणि सामानाने घरभाडं भरता येत नाही. बऱ्याच करारांत अटी असतात, पोडियमला बोनस, आणि वर्षात अमुक रेस केल्या नाहीत तर कपात. म्हणजे हाड मोडलं की एका झटक्यात बक्षीसही गेलं आणि करारही आखडला, दुष्काळात तेरावा महिना. ऑलिम्पिकच्या अंतरातल्यांना देशाच्या फेडरेशनचा आधार असतो, पण तो मेडलच्या आशेवर, आशा संपली की आधार संपतो. म्हणून मधल्या फळीतले बरेच प्रो संध्याकाळी लॅपटॉप उघडून तुमच्या-माझ्यासारख्यांना ऑनलाइन कोचिंग देतात. आपण फी भरतो त्यावर त्यांचं ट्रेनिंग चालतं.

प्रश्न: त्यांचा एक दिवस कसा असतो? मी रोज पहाटे साडेचारला उठून दोन तास करतो, ते किती करतात?

उत्तर: आठवड्याला २५ ते ३० तास, मोठ्या ब्लॉकमध्ये, म्हणजे ट्रेनिंगच्या कडक आठवड्यांत, त्याच्याही वर. सकाळी पोहणं चार-पाच किलोमीटर, मग खाणं, मग सायकल तीन-चार तास, संध्याकाळी पळणं नाहीतर जिम. हे तुम्हाला माहीत असेल. माहीत नसतं ते मधलं. दुपारी झोप, रात्री नऊ तास झोप, आणि दोन सेशनच्या मध्ये पाय वर करून पडून राहणं. मला एकदा एका प्रोबरोबर चार दिवस राहायला मिळालं, मी मारे वही-पेन घेऊन गेलो काहीतरी सिक्रेट कळेल म्हणून, आणि वहीत काय लिहिलं तर 'परत झोपला'. इतका कंटाळवाणा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. बाजारात जायचं म्हटलं तरी म्हणायचा उभं राहावं लागेल, नको. तुम्ही साडेचारला उठून दोन तास करता आणि मग नऊ तास काम, प्रवास, मुलांचा अभ्यास, त्यामुळे 'प्रो तीस तास करतात मग मी पंधरा तरी करतो' हे गणित अंगाशी येतं. तास कॉपी करता येतात हो, झोप कशी कॉपी करणार?

दुसरं, ते हळू फार करतात. एकूण वेळेतला मोठा भाग गप्पा मारता येतील एवढ्या वेगात. मार्क ॲलन, सहा वेळचा हवाई विजेता, त्याला कोचने सांगितलं हृदयाचे ठोके १५५ च्या वर न्यायचे नाहीत, आणि सुरुवातीला त्याला इतकं हळू पळावं लागायचं की लाज वाटायची. मग महिनोन्महिने करता करता त्याच ठोक्यांना वेग वाढत गेला. १९८९ ला त्याने डेव्ह स्कॉटला ज्या रेसमध्ये हरवलं ती बघा कधीतरी, दोघं आठ तास जवळजवळ खांद्याला खांदा लावून आणि शेवटी फरक ५८ सेकंदांचा. त्याआधी मार्क त्याच रेसमध्ये सहा वेळा हरला होता.

नॉर्वेवाल्यांचं हल्ली सगळे बोलतात, क्रिस्टियान ब्लुमेनफेल्ट आणि मंडळी. ते सेशनच्या मध्ये बोटाला नाहीतर कानाला टोचून रक्ताच्या थेंबातलं लॅक्टेट, म्हणजे जोर वाढला की रक्तात वाढणारा पदार्थ, मोजतात. लोकांना वाटतं जास्त जोर काढण्यासाठी, उलट आहे, जोर जास्त होऊ नये म्हणून. कडक सेशनसुद्धा ठरलेल्या रेषेच्या आत ठेवायचं, म्हणजे संध्याकाळी परत एक करता येतं. हा गडी जुलै २०२१ मध्ये टोकियोला ऑलिम्पिक गोल्ड आणि मे २०२२ मध्ये आयर्नमॅन वर्ल्ड चॅम्पियन, म्हणजे पावणेदोन तासांच्या आणि जवळपास आठ तासांच्या, दोन्ही रेसचा राजा एकाच माणसाने दहा महिन्यांत होणं. असं सहसा होत नाही, दोन्हीची शरीरं वेगळी घडवावी लागतात.

प्रश्न: विचारायला लाज वाटते, पण आठ तासांच्या रेसमध्ये हे लोक बाथरूमला कधी जातात?

उत्तर: जात नाहीत. लाँग डिस्टन्समध्ये सायकलवर उतार लागला की पेडल थांबवून काम उरकतात आणि वर पाणी ओतून घेतात. थांबलं की मिनिट जातं आणि मिनिटाने नंबर जातो. आता कळलं का रेसनंतर सायकल धुवायला मेकॅनिक तोंड का वाकडं करतो.

प्रश्न: मुलगी १६ वर्षांची, चार वर्षं ट्रायथलॉन करते, ज्युनियरमध्ये चांगले नंबर येतात आणि तिला प्रोच व्हायचंय. गेले पाच महिने तिची पाळी आली नाही. कोच म्हणतात ट्रेनिंग चांगलं चालू असल्याची खूण आहे, टॉपच्या मुलींचं असंच असतं. मला काळजी वाटते, मी उगाच घाबरतेय का?

उत्तर: ताई, तुम्ही अजिबात उगाच घाबरत नाही, आणि कोचचं म्हणणं साफ चूक आहे. हा अंक हातातून ठेवा आणि डॉक्टरची वेळ घ्या, स्त्रीरोगतज्ज्ञ, शक्यतो खेळाडूंना बघणारा डॉक्टर मिळाला तर फारच उत्तम. तीन महिने पाळी चुकली की तपासायचं हा साधा नियम, तुमचे पाच झालेत. कारण दुसरंही असू शकतं, ते तपासणीतच कळेल.

होतं काय की जेवढी शक्ती ट्रेनिंगमध्ये जाते तेवढी खाण्यातून येत नाही, मग शरीर काटकसर करायला लागतं, आणि जे जगायला लगेच लागत नाही ते आधी बंद करतं, त्यात पाळी येते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ ला याला रेड-एस असं नाव दिलं, मुलग्यांनाही होतं, फक्त त्यांच्यात अशी उघड खूण नसते म्हणून लवकर कळत नाही. ईस्ट्रोजेन कमी झालं की हाडं ठिसूळ होतात, आणि हाडांचा बहुतेक साठा विशीच्या आत तयार होतो, म्हणजे तिचं नुकसान नेमकं भरणीच्या वर्षांत होतंय. मग स्ट्रेस फ्रॅक्चर, मग सहा महिने बंद, मग परत. गंमत म्हणजे, गंमत कसली, सुरुवातीला वजन उतरून वेळा सुधारतात, त्यामुळे कोच खूश, पोरगी खूश, आणि दीड-दोन वर्षांनी पायाचं हाड जातं तेव्हा 'नशीब' म्हणतात. असं मी डोळ्यासमोर दोनदा बघितलंय.

तिच्याशी बोलताना वजनाचा विषय काढू नका, 'खाणं वाढवूया म्हणजे ट्रेनिंग पचेल' असं बोला. आणि तिला निकोला स्पिरिगचं सांगा, २०१२ च्या लंडनला गोल्ड, मग मूल, २०१६ ला सिल्व्हर, आणि तीन मुलं झाल्यावर ३९ व्या वर्षी टोकियोला सहावी. चेल्सी सोडारो मुलगी दीड वर्षाची असताना २०२२ ला हवाईत जिंकली. सोळाव्या वर्षी शरीर उपाशी ठेवून एवढी वर्षं टिकता येत नाही. कोच डॉक्टरच्या रिपोर्टनंतरही तेच म्हणत असेल तर कोच बदला, मध्ये सीझन चालू असला तरी.

प्रश्न: सर्दीची गोळी घेतली तरी डोपिंगमध्ये पकडतात हे खरं का?

उत्तर: पकडू शकतात. नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांमध्ये स्युडोएफेड्रिन असतं, रेसच्या काळात लघवीत ते ठरलेल्या मर्यादेच्या वर सापडलं की अडकलात. 'मला माहीत नव्हतं' हे चालत नाही, शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, सप्लिमेंटच्या डब्यात कंपनीने काय मिसळलं तरी तुमचीच. पण गोळ्यांपेक्षा डोक्याला ताप आहे तो पत्त्याचा. वरच्या यादीतल्या खेळाडूला रोज एक तास असा कळवून ठेवावा लागतो की या वेळेत मी इथे सापडेन, वर्षाचे ३६५ दिवस, लग्नाच्या दिवशी पण. बारा महिन्यांत तीन वेळा चुकामूक झाली की बंदी, मग लघवी कितीही स्वच्छ असो. म्हणून बहुतेक जण पहाटेचा तास देतात, कारण तेव्हा अंथरुणात असण्याची खात्री. मग पहाटे पाचला बेल वाजते आणि बायको आधी उठते, सगळ्यात जास्त शिव्या तीच घालत असणार.

प्रश्न: रस्त्यावर सायकल चालवायची भीती वाटते. प्रो लोकांचे अपघात होत नाहीत का, की त्यांच्याकडे टेक्निक असतं?

उत्तर: ट्रकपुढे टेक्निक कसलं. टिम डॉन, २०१७ च्या मे मध्ये ब्राझीलला ७ तास ४० मिनिटं २३ सेकंद, तेव्हाचा आयर्नमॅनमधला सगळ्यात वेगवान टाइम. ऑक्टोबरला हवाईला वर्ल्ड चॅम्पियनशिपला गेला आणि रेसच्या तीन दिवस आधी सराव करताना ट्रकने उडवलं, मानेचं हाड मोडलं. लवकर आणि नीट जुळावं म्हणून त्याने धातूची रिंग थेट कवटीत स्क्रूने बसवून घेतली आणि तीन महिने तशी काढली, झोपताही यायचं नाही धड. एप्रिल २०१८ ला बोस्टन मॅरेथॉन २ तास ४९ मिनिटांत पळाला. हेडन वाइल्ड, पॅरिस ऑलिम्पिकचा सिल्व्हरवाला, मे २०२५ ला टोकियोत ट्रकला धडकला, बरगड्या, फुप्फुस, खांद्याचं हाड, आणि ऑगस्टमध्ये परत येऊन रेस जिंकला. हे वाचायला छान वाटतं पण जे परत आले नाहीत त्यांची बातमी होत नाही.

म्हणून हल्ली प्रो कितीतरी सायकलिंग घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, करतात. लायनल सँडर्स तर वर्षानुवर्षं बहुतेक ट्रेनिंग घरातच करायचा आणि तरी २०१७ ला हवाईत दुसरा आला. सिग्नल नाही, कुत्री नाहीत, ठरवलेले वॉट, म्हणजे पेडलवरचा जोर, बरोबर निघतात. तोटा एकच, वळणं आणि उतार हाताळायचं कौशल्य घरात येत नाही, ते गंजतं. कठीण सेशन घरात करा आणि लांबची राइड सुट्टीच्या दिवशी पहाटे, ग्रुपने.

प्रश्न: ४१ चा आहे, आता काही होणार नाही ना?

उत्तर: प्रो म्हणून? नाही. बाकी डेव्ह स्कॉट १९९४ ला चाळिशीत परत येऊन हवाईत दुसरा आला होता, फ्रोडेनो ३८ व्या वर्षी जिंकला, पण ते विशीपासून यातच होते. या खेळात लाँग डिस्टन्सवाले तिशीच्या मध्यावर पिकतात, वेग आधी जातो, दम बराच उशिरा. तुम्हाला वयोगटात ४०-४४ ला खूप जागा आहे, अर्थात तिथले लोक फार डांबरट असतात, नोकरीतून वेळ काढून प्रोसारखं करतात.

प्रश्न: पहिल्यांदाच मोठी रेस बघायला जाणार आहोत, फिनिश लाइनवर जागा कशी पकडायची?

उत्तर: पकडूच नका. तिथे गर्दी, गाणी, अनाउन्सर, सगळे शेवटच्या शंभर मीटरला हसरा चेहरा करून येतात, प्रो तर टोपी सरळ करून स्पॉन्सरचं नाव दिसेल असे येतात. सकाळी आधी ट्रान्झिशनजवळ उभे राहा, म्हणजे पाण्यातून सायकलवर जायची जागा, चालताचालता वेटसूट कमरेपर्यंत उतरलेला, शूज आधीच पेडलला रबरबँडने बांधून ठेवलेले, आणि पळत्या सायकलवर उडी, एखादा मिनिटभरही थांबत नाही. मग दुपारी पळण्याच्या तिसाव्या किलोमीटरच्या आसपास जा, जिथे सावली नाही आणि प्रेक्षकही नाहीत अशी जागा शोधा. तिथे आधी पहिले तीन जातील, त्यांना बघा, पण लगेच निघू नका. नववा, दहावा, अकरावा येईपर्यंत थांबा. त्यातला एखादा मागे वळून बघतो, घड्याळ बघतो, परत मागे बघतो. पाण्याची बाटली घेऊन जा, त्यांना द्यायला नाही, बाहेरची मदत घेतली तर त्यांना पेनल्टी बसते, तुम्हाला प्यायला.